एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर

त्यांच्याकडे लांब दांड्याची काळी छत्री होती आणि ती पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. जून ते सप्टेंबर ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसमधून उतरत, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधत आणि महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडपर्यंत भिजत चालत येत. छत्री मिटलेली, काखेत. कोणी विचारलं तर म्हणत, “ते हत्यार आहे. हत्यार भिजवायचं नसतं.”

छत्रीचं मूळ टोक त्यांनी काढून टाकलं होतं. तिथे लेथवर कातून घेतलेला पितळेचा बोथट तुकडा बसवला होता. हे टोक म्हणजे कटर. छत्री जमिनीला टेकली की कटर धातूत आहे, उचलली की हवेत आहे. ते स्वतः म्हणजे मशीन.

आमचा कारखाना प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचा. पोलादाचा ठोकळा कोरून त्यात बादलीचं, डब्याच्या झाकणाचं, पंख्याच्या पात्याचं पोट तयार करायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मालकांनी टेपवर चालणारं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने पोलाद कोरणारं यंत्र, आणलं. टेप म्हणजे कागदाची इंचभर रुंद पट्टी आणि तिच्यावर पाडलेली भोकं. भोकांच्या प्रत्येक आडव्या ओळीत एक अक्षर किंवा एक आकडा असे. मशीन ती पट्टी वाचे आणि सांगितल्याप्रमाणे कटर उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे, वर, खाली नेई. कटरने कुठून निघून कुठे जायचं हे ड्रॉइंग समोर ठेवून पेन्सिलीने ओळीओळीने लिहायचं, म्हणजे मशीनचा कार्यक्रम तयार करायचं, काम त्यांचं. ते टाइप करून टेप पंच करायचं काम माझं.

मी अर्ज इंग्रजी टायपिस्टच्या जागेसाठी केला होता. मुलाखत त्यांनी घेतली.

“वेग किती?”

“चाळीस.”

“मला वीस चालेल. चुका किती?”

मी म्हटलं, फारशा नाहीत. त्यांनी नुसत्या आकड्यांचं एक पान टाइप करायला दिलं. मी दिलेल्या पानावर त्यांनी फूटपट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकत तपासली. पाऊण तास लागला. एका ठिकाणी एक शून्य गळलं होतं. त्या मशीनला दशांशचिन्ह कळत नसे, सगळे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहावे लागत. साडेबारा मिलिमीटर जायचं होतं तिथे कटर सव्वा मिलिमीटर गेला असता.

“पत्रात एखादं अक्षर गळलं तर वाचणारा मनात भरून घेतो,” ते म्हणाले. “इथे तसा माणूस नाही. सोमवारपासून या.”

ते मला ‘टायपिस्टबाई’ म्हणत. सहा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांना साहेब म्हणत असे. बाकीचे तोंडावर साहेब म्हणत आणि मागे ‘प्रदक्षिणा’.

हे नाव पडण्याचं कारण शेडच्या मागे होतं. तिथे माल उतरवायचा सिमेंटचा ओटा होता. त्यावर त्यांनी गेरूने चौकटी आखल्या होत्या. प्रत्येक घर दहा सेंटिमीटरचं. ड्रॉइंगमधल्या एका मिलिमीटरला जमिनीवर एक सेंटिमीटर, असं प्रमाण. चाळीस सेंटिमीटरचा साचा ओट्यावर चार मीटर जागा घेई. टेप तयार झाली की आम्ही दोघं बाहेर जात असू. मी कडेला उभी राहून टेपवरच्या ओळी मोठ्याने वाचायची, ते छत्री घेऊन त्याप्रमाणे चालायचे.

“एक्स, चार हजार.”

ते चाळीस सेंटिमीटर उजवीकडे.

“वाय, उणे बाराशे.”

बारा सेंटिमीटर मागे.

“झेड वर.”

छत्री वर.

ड्रॉइंग या वेळी त्यांच्या हातात नसे. ते पाहिलं की पाय आपोआप बरोबर जातात, असं त्यांचं म्हणणं. मीही काही सुचवायचं नाही, लिहिलंय तेवढंच वाचायचं. चालून झालं की छत्रीच्या पितळी टोकाने ओट्यावर ओढलेला माग आणि ड्रॉइंग ताडून पाहायचं. साध्या साच्याला अर्धा दिवस जाई, पंख्याच्या पात्याला दोन दिवस. शेवटी टेपच्या सुरुवातीच्या कोऱ्या भागावर ते पेन्सिलीने ‘चाललो’ असं लिहीत आणि खाली तारीख घालत. हा शब्द नसलेली टेप मशीनवर चढत नसे.

ओट्यावर चार स्टुलंही असायची. कँटीनमधून आणलेली, लोखंडी, गोल बैठकीची. मशीनच्या टेबलावर पोलादाचा ठोकळा ज्या चार क्लॅम्पनी आवळून धरलेला असतो, ती ही स्टुलं. क्लॅम्प टेबलावर जिथे, त्याच्या दहापट अंतरावर ओट्यावर स्टूल. मी पहिल्यांदा त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ड्रॉइंगमध्ये वस्तू असते. वस्तू धरणारे नसतात.”

जेवणाच्या सुट्टीत कामगार भिंतीला टेकून बघत बसत.

“साहेब, अजून एक फेरी घाला, नवस फिटंल!”

“तू मोजत बस,” ते छत्रीवरची नजर न काढता म्हणत.

“मी आठपर्यंतच मोजतो, साहेब!”

हा आवाज ऑपरेटरचा असे. मशीन तोच चालवायचा. जवळच्याच गावचा, पूर्वी घरचं मिठागर असलेला माणूस. त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं होती. आठचा विनोद तो रोज करायचा आणि रोज सगळे हसायचे. साहेब मात्र हसत नसत. बरेच दिवस मला वाटलं, त्यांना विनोद कळत नाही.

ते चिपळूणकडचे. आधी एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बनवायचे. म्हणजे जी वस्तू ओतायची तिची लाकडाची प्रतिकृती, जिच्यावरून वाळूत साचा उठवतात. सुतारकाम घरातून आलं का, असं मी एकदा विचारलं.

“गावात सुतार होता,” ते म्हणाले. “आम्हाला अवजाराला हात लावू द्यायचा नाही. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी मास्तरांनी रंधा हातात दिला. मी तो खाली ठेवला आणि पुन्हा उचलून बघितला. मास्तर काही बोलले नाहीत. म्हणून पुन्हा ठेवला आणि पुन्हा उचलला.”

एवढं सांगून ते फूटपट्टी घेऊन पुढच्या ओळीवर गेले.

‘अंदाजे’ आणि ‘साधारण’ हे शब्द ते वापरत नसत. मी एकदा त्यांच्या वाशीच्या घरी रजेचा अर्ज घेऊन गेले. तेव्हा सेक्टरातल्या इमारती सगळ्या सारख्या दिसत आणि पाट्या कमी होत्या. त्यांनी पत्ता सांगितला होता तो असा: बस स्टॉपवर पाठ रस्त्याकडे करून उभं राहायचं, तिथून एक्स तीनशे पावलं, वाय साठ, झेड दोन जिने. मी दाराशी बरोबर पोचले. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही सहा तास सोसता. मी भाजीत मीठ चवीपुरतं घातलं म्हटलं की हे विचारतात, म्हणजे किती?”

“विचारायला नको?” साहेब आतून म्हणाले.

चालून झालेली टेपही थेट पोलादावर चढत नसे. आधी धुण्याच्या साबणाची लांब वडी टेबलावर बांधून त्यात उथळ कापून बघायची. साबण मऊ, कटरला इजा होत नाही आणि कापलेला आकार स्पष्ट दिसतो. कापलेल्या वड्या ऑपरेटर घरी न्यायचा. त्याच्या गावात त्या काळी बायका पंख्याच्या पात्याच्या आकाराच्या साबणाने कपडे धूत. एकदा कोणीतरी कटर गार ठेवायला सोडतात ते पाणी चालू ठेवलं आणि साबण कापायला घेतला. फेस टेबलावरून उतरून दारापर्यंत गेला. मालक नेमके तेव्हाच गिऱ्हाइकाला घेऊन आले. ऑपरेटर फेसात गुडघ्यापर्यंत उभा राहून म्हणाला, “शेट, मशीनला आंघोळ घातली.” साहेबांनी त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं: ‘कार्यक्रम बरोबर. पाणी बंद करण्याची सूचना लिहायची राहिली. चूक माझी.’

‘चूक माझी’ हे दोन शब्द त्यांच्या नोंदवहीत ठिकठिकाणी होते. बहुतेक वेळा चूक बारीक असे. एक तशी नव्हती. ती मला ऑपरेटरने सांगितली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, डबा खाताना.

“ही बोटं कोनी घेतली ठाऊक हाय, ताई? प्रदक्षिनानी.”

मशीन नवीन होतं तेव्हाची गोष्ट. साहेब त्या वेळी टेबलापाशी बसून कार्यक्रम लिहीत, चालत नसत. एका साच्यावर कटर काम संपवून परत निघाला तो क्लॅम्पच्या अगदी शेजारून. कागदावर पाच मिलिमीटर जागा सुटत होती. प्रत्यक्षात क्लॅम्प एक सेंटिमीटर सरकून लागला होता. कटर त्यावर आदळून फुटला. ऑपरेटर ब्रशने चुरा झाडत होता.

“क्लॅम्प मीच लावलेला,” तो म्हणाला. “शीटवर जागा दिलेली त्याच्यापासून सरकून. चूक माझीच ना? वरचे तेच लिवनार होते. ऑपरेटरची चूक लिवली म्हंजे फाइल बंद. मना घरी धाडला असता.”

“मग?”

“यांनी लिवून दिलं, चूक माझी. क्लॅम्पजवळनं जाताना हत्यार उचलायला पायजे होतं, मी नाय उचललं. मना बोलले पन नाय. मना क्लार्कनी सांगितलं.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “तवापासनं चालतात. आमी हसतो. हसायचंच ना, दुसरं काय करनार?”

पुढच्या गोष्टीसाठी हे माहीत असणं गरजेचं आहे.

दशकाच्या अखेरीस मालकांनी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला पुण्याहून एक इंजिनिअर आणला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, नम्र, कामात चोख. वस्तूचा आकार पडद्यावर उभा करायचा, तो फिरवून सगळीकडून बघायचा, कटर कुठून जाईल ते कॉम्प्युटरनेच ठरवायचं आणि टेपही त्यानेच पंच करायची, अशी ती पद्धत. पहिलं काम होतं प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीचा साचा. पाठीचा बाक असा होता की हाताने लिहायला तीन महिने लागले असते. ठोकळा परदेशातून मागवलेला होता आणि एकच होता.

मालकांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं.

“हे बघा, आता ते गोल गोल फिरणं बंद करू. पार्टीची माणसं येतात, बघतात. कॉम्प्युटर घेतलाय आणि मागे छत्री घेऊन माणूस चालतोय, कसं दिसतं ते?”

“बरोबर,” साहेब म्हणाले.

“तुम्हाला तपासणी विभागात घेऊ. खुर्ची, टेबल, आराम.”

“आणि टायपिस्टबाई?”

“बघू,” मालक म्हणाले.

इंजिनिअरने त्यांना पडद्यावर हिरव्या रेघांची खुर्ची दाखवली. त्यांनी ती फिरवायला सांगून सगळीकडून बघितली. मग विचारलं, “यात क्लॅम्प कुठे आहेत?”

“सर, क्लॅम्प मॉडेलमध्ये येत नाहीत. सेटअप शीटवर त्यांच्या जागा दिल्यात. टूल त्यांच्यापासून आठ मिलिमीटर लांबून जातं. मी चेक केलंय.”

“चालून?”

“नाही, पडद्यावर.”

साहेब आपल्या टेबलाकडे गेले. हरकत घेतली ती ऑपरेटरने. ठोकळा टेबलावर आवळला गेला, टेप रीडरवर चढवायला आणली, तेव्हा त्याने तिचं कोरं टोक उलटंपालटं करून पाहिलं.

“यावर ‘चाललो’ नाय.”

“ती कॉम्प्युटरची टेप आहे,” इंजिनिअर म्हणाला. “चालायची गरज नाही.”

“मग कॉम्प्युटरलाच बटन दाबाय सांगा.”

मालक आले. समजावून झालं, मग आवाज चढला. “ठोकळा माझा आहे. मला भीती नाही, मग तुला कसली?”

“लोखंड दुसरं येल, शेट,” ऑपरेटरने डावा हात वर केला. “याच्यात दुसरं येनार हाय का काय? साहेब चालल्याशिवाय मी बटन दाबनार नाय. दुसरा ऑपरेटर बगा.”

दुसरा ऑपरेटर नव्हता. मालकांनी दोन दिवस दिले.

कॉम्प्युटरची टेप आमच्या टेपच्या तीसपट लांब होती. सगळी चालायला दोन महिने लागले असते. साहेबांनी तिचा छापील कागद घेतला आणि मला सांगितलं, “धातूच्या आत हा चुकणार नाही. हवेत बघू. छत्री वर असते तेवढ्याच ओळी वाचा.” मग ते मशीनपाशी गेले, चारही क्लॅम्पची अंतरं पट्टीने मोजून वहीत लिहिली, ओट्यावर येऊन स्टुलं मांडली आणि वही माझ्याकडे दिली.

पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या स्टुलापाशी मी एक ओळ वाचली, ते सरकले आणि पितळेचं टोक स्टुलाच्या पायावर आदळलं. आवाज शेडमध्ये ऐकू गेला.

कामगार बाहेर आले. कोणीतरी शिट्टी मारली. “प्रदक्षिणा की जय!” इंजिनिअर छापील कागदावर वाकला, त्याचे कान लाल झाले होते. मालक ओट्याच्या पायरीवर उभे राहिले. “म्हणजे गेला असता माझा ठोकळा?” ते इंजिनिअरला म्हणाले. “तुम्हाला कशाला आणलं मग?”

वही माझ्या हातात होती. तिसऱ्या क्लॅम्पसमोर चौदा सेंटिमीटर लिहिलं होतं, म्हणजे ओट्यावर चौदावी रेघ. मी रेघा मोजल्या. स्टूल पंधराव्या रेघेवर होतं. मी वही मिटली आणि बोलले नाही. आपली जागा जाणार आहे हे मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी ती परत येत होती. पुढे वर्तमानपत्रात, बातमीच्या कामात, मी बरीच वर्षं काढली. गप्प राहून केलेली चूक कशी असते, हे मला तिथे कोणी नव्याने शिकवावं लागलं नाही.

साहेब स्टुलाकडे बघत होते. मग ते कडेपासून रेघा मोजत आले. चौदापाशी थांबले, पंधरापाशी थांबले. माझ्याकडे येऊन हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पान उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही खिशात घातली.

“टेप बरोबर आहे,” ते मालकांना म्हणाले. “आठ मिलिमीटर सुटतात. स्टूल मी एक घर पुढे ठेवलं. चूक माझी.”

शिट्ट्या थांबल्या. मालकांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा इंजिनिअरकडे पाहिलं. “म्हणजे टेप ओके?”

“ओके.”

“झालं तर मग,” म्हणून मालक आत गेले.

साहेब इंजिनिअरजवळ गेले. तो काहीतरी म्हणू पाहत होता, त्याला त्यांनी थांबवलं. “मी पट्टीने मोजून, लिहून ठेवलं आणि एक घर, म्हणजे मशीनवर एक सेंटिमीटर, चुकलो. हा,” त्यांनी ऑपरेटरकडे बोट केलं, “दिवसातून चार वेळा क्लॅम्प लावतो. त्यालाही एक सेंटिमीटर माफ पाहिजे. तुमच्या आठ मिलिमीटरमध्ये तो बसत नाही.”

इंजिनिअरने कागद पुन्हा पाहिला. “क्लॅम्पजवळून जाताना टूल वर घेऊ शकतो. पन्नास मिलिमीटर. वेळ थोडा वाढेल.”

“किती?”

“अंदाजे…” तो थांबला. “मोजून सांगतो, सर.”

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने पडद्यावरच्या खुर्चीभोवती चार ठोकळे उभे केले आणि नवी टेप काढली. कॉम्प्युटरमध्ये त्या ठोकळ्यांना नाव द्यावं लागे. त्याने ‘स्टूल’ दिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. महिन्याअखेरीस साहेब तपासणी विभागात गेले. ओट्यावरच्या चौकटी पुन्हा कोणी आखल्या नाहीत, त्या ट्रकच्या टायरांनी पुसल्या. माझं टेप पंच करायचं यंत्र गोणपाटाखाली गेलं आणि मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात लागले. वहीबद्दल साहेब माझ्याशी कधी बोलले नाहीत. निघताना त्यांनी मला आपली फूटपट्टी दिली.

पण नवी टेप निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मशीनपाशी होते. नवी टेप साहेबांनी फक्त तिसऱ्या स्टुलापाशी चालून पाहिली होती, स्टूल एकदा चौदावर आणि एकदा पंधरावर ठेवून. ऑपरेटरने टेपचं टोक उजेडाकडे धरलं आणि मोठ्याने वाचलं: “चाललो. काल स्टूल एक घर चुकलं, माझ्याकडून. टेप बरोबर.” त्याने ती रीडरवर चढवली. मग बाहेर जाऊन ओट्यावरचं एक स्टूल उचलून आणलं आणि मशीनपासून चार हातांवर ठेवलं.

“बसा, साहेब. आज चालनार ते चालंल.”

ते बसले. छत्री दोन गुडघ्यांमध्ये धरली, टोक जमिनीला टेकलेलं. ऑपरेटरने तीन बोटांच्या हाताने बटण दाबलं. कटर पोलादात उतरला, पहिली फेरी कापून बाहेर आला आणि तिसऱ्या क्लॅम्पकडे निघाला. क्लॅम्पपाशी पोचण्याआधी तो सरळ वर गेला.

साहेबांनी छत्री उचलली.